पाच पिढ्यांचा पांढरा तांदूळ

मूर्ख माणसाचा मला एरवी राग येत नाही. त्याच्या हातात महागडा कॅमेरा आला की मात्र येतो. आणि असे दोन मूर्ख एकाच गाडीवरून माझ्या मिलच्या फाटकातून आत आले तेव्हा मीच त्यांना पाणी दिलं, चहा दिला, वर गरम पोहे दिले, हे आठवलं की आजही हात शिवशिवतात.

आमची राइस मिल मुर्री गावाच्या अलीकडे, गोंदियाहून येताना डाव्या हाताला. उसन्या तांदळाची मिल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धान टाकीत भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं, की निघतो तो उसना. रंगानं पिवळसर. न उकडता तसंच भरडलं तर निघतो तो अरवा, पांढरा. इथलं शेंबडं पोरसुद्धा रंगावरून सांगेल, कोणता उसना आणि कोणता अरवा. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा तमाशा त्याच्यावरच आहे.

मी अल्का. खरेदी-विक्री, मजूर, बाजार मी बघायची. माझ्या यजमानांचं नाव खुशाल, ते मशिनी बघायचे. माझे सासरे दसरू, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते याच मिलमध्ये हमाल होते. पोती वाहून वाहून त्यांचा डावा खांदा खाली आला तो आलाच, आणि हमालीच्या हुकानं उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलं ते कधी जुळलंच नाही. तेव्हा मिल मुन्नालाल सेठची होती. त्याच्या बापाची, आज्याची, पणज्याची. सेठनं लग्नाच्या लॉनमध्ये आणि हॉटेलात हात घातला, मिल विकायला काढली आणि ती हमालाच्या पोरानं घेतली. बाजारात त्या दिवशी भल्याभल्यांना ठसका लागला होता. आम्ही मिलच्या ऑफिसात पहिलं काम केलं ते बाबासाहेबांचा फोटो लावायचं.

पण गेले दोन हंगाम मिल धापा टाकत होती. सेठचा निरोपही येऊन पडला होता, झेपत नसेल तर भाड्यानं द्या, टाक्या काढून मी अरवा चालवतो. अशात केरळातल्या पालक्काडच्या एका खरेदीदारापर्यंत दलालामार्फत आमच्या तांदळाचा नमुना पोचला. त्याच्याकडे हॉटेलांना वर्षभर उसना लागतो. नमुना त्याला पसंत पडला. शंका एकच होती. दुसऱ्याचा तांदूळ आपला म्हणून खपवणारे व्यापारी त्याला बरेच भेटले होते. त्याला इकडे येणं जमणार नव्हतं. म्हणाला, “मिल का व्हिडिओ भेजो मॅडम. तुम खुद बनाता है, दिखना चाहिए.” ही ऑर्डर आली तर मिल आमची, नाही आली तर सेठची. इतकं सरळ होतं.

खुशालनी आधी फोनवर स्वतःच व्हिडिओ काढला. मिलमध्ये उजेड कमी, धूळ फार, आणि यांचा हात म्हणजे ट्रॅक्टरवर बसल्यासारखा हलतो. खरेदीदाराचं उत्तर आलं की काही दिसत नाही. त्याचं बरोबर होतं. चांगला कॅमेरा, चांगला उजेड लागतो हे मी कधी नाकारलं नाही. म्हणून तर स्वप्निलला बोलावलं.

स्वप्निल म्हणजे गोंदियातला लग्नांचा व्हिडिओवाला. हल्ली त्यानं पाटी बदलून त्यावर ‘कॉर्पोरेट फिल्म्स’ लिहिलंय. पाटी बदलली, पण कॉम्प्युटर तोच. त्या कॉम्प्युटरात नवरीसाठी एक बटण बसवलेलं आहे. ते दाबलं की कुठलीही सावळी पोरगी पिठात लोळून आल्यासारखी निघते. माझी नणंद मोनाली तिच्याच लग्नाच्या व्हिडिओत मला सापडली नव्हती. हे सगळं माहीत असून मी त्याला बोलावलं, कारण दुसरा जो होता तो तर फोटोसुद्धा तिरपे काढायचा.

त्याच्यासोबत उमेंद्र आला. हा कथा लिहितो. पूर्वी विमा विकायचा. मग नागपूरला कुठल्याशा हॉटेलात शनिवार-रविवारची कार्यशाळा केली आणि सोमवारी हा कथाकार होऊन गोंदिया स्टेशनवर उतरला. आपल्या घरी आईशी झाडीबोलीत बोलणारा हा माणूस आमच्याशी पुण्याची मराठी बोलायचा, तीही जिभेला चिमटा लावल्यासारखी.

“वहिनी, एक लक्षात घ्या,” पोहे खाता खाता तो म्हणाला. “तांदूळ कोणीच विकत घेत नाही. लोक भावना विकत घेतात.”

“भावनेचं पोतं किती किलोचं भरते, भाऊ?” मी विचारलं.

तो हसला. अडाणी बाईला माफ केल्यासारखा.

स्वप्निलला भावनेशी देणंघेणं नव्हतं. तो पेटीतून एकेक वस्तू काढून मांडत होता आणि खुशाल जत्रेत आल्यासारखे बघत होते. “भाभी, टेन्शन नको. ड्रोन, गिंबल, स्लो मोशन, सब कुछ. फोर के में देतो.”

“अन् उसना दिसन का त्याच्यात?”

“सब दिखेगा, भाभी.”

उमेंद्रनं वही उघडली आणि आमची गोष्ट विचारली. मी सांगितली. बाप जिथं पोती वाहत होता तीच मिल मुलानं घेतली, आता बाप रोज सकाळी येतो आणि टाकीतलं धान हातात घेऊन भिजलं की नाही ते सांगतो. यात मीठमसाला काही नव्हता, गरजही नव्हती. उमेंद्रनं डोळे मिटून ऐकलं. डोळे मिटले की माणूस खोल वाटतो, हेही कार्यशाळेत शिकवत असावेत.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण जरा जड होतं. हमाली वगैरे प्रीमियम वाटत नाही. बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.”

“कोनाले अवघडते?”

त्यावर त्यानं पोह्यातली मिरची बाजूला काढली. “आपण वारसा घेऊ. पाच पिढ्यांची परंपरा. तांदळाशी पाच पिढ्यांचं नातं.”

“पाच पिढ्या कोनाच्या? आमची तर दुसरीच चालू आहे.”

“वहिनी, हे स्टोरीटेलिंग आहे, कोर्टातली साक्ष नाही.”

मी खुशालकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. ते ड्रोनचं पातं बोटानं फिरवत होते. “असू दे ना वं, अल्का,” म्हणाले. “आइकाले चांगलं वाटते.”

ऐकायला चांगलं वाटतं! नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरलं. तेव्हाच दोघांना फाटकाबाहेर काढायला हवं होतं, पण खरेदीदार थांबून होता आणि मला व्हिडिओ हवा होता.

मग शूटिंग सुरू झालं. उमेंद्रला ऑफिसातला बाबासाहेबांचा फोटो खुपला. “ब्रँड न्यूट्रल ठेवू,” म्हणाला आणि खुर्चीवर चढायला निघाला. मी म्हटलं, “फोटोले हात लावला तर कॅमेरा टाकीत जाईन.” तो खाली उतरला. फोटो राहिला, पण कॅमेरा समोरच्या भिंतीकडे वळला. तिथं बियाणे कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावरची भेंडी त्याला न्यूट्रल वाटली.

मामाजींना त्यांनी रेशमी कुर्ता चढवला. डोक्याला फेटा, तोही कुठल्यातरी लग्नातून उरलेला. खुर्चीत बसवून म्हणाले, बाबा, तुम्ही संस्थापक. मामाजींना तो शब्द कळला नाही, पण पाय वर घेऊन बसायचं नाही एवढं कळलं. मग हातांचा क्लोजअप घ्यायचा ठरलं. ओंजळीत तांदूळ घ्यायचा आणि बोटांमधून हळूहळू जमिनीवर सोडायचा.

“सांडवू कायले?” मामाजींनी विचारलं. “खाली लोकायचे पाय लागतेत.”

उमेंद्रनं समजावलं, स्वप्निलनं समजावलं, खुशालनी बापाला डोळे दाखवले. पण जन्मभर फुटक्या पोत्यातून सांडलेला दाणा वेचत आलेला माणूस तो. शेवटी त्यांनी उघडं पोतं मागवलं, त्याच्या तोंडावर हात धरले आणि तेवढाच तांदूळ सोडला. दाणा बाहेर जाऊ दिला नाही. पुन्हा करा म्हटलं की पुन्हा तसंच. त्या दिवशी मिलमध्ये शहाणं माणूस एवढं एकच होतं, आणि त्यालाच यांनी सोंग घ्यायला लावलं होतं.

राहिल्या टाक्या. मी हात धरून स्वप्निलला तिथं नेलं, म्हटलं, ही वाफ घे, हे उकडलेलं धान घे, त्या माणसाला हेच बघायचं आहे. त्यानं घेतलं, पण लांबून. लेन्सवर वाफ धरते म्हणे. “और देखने में थोडा गंदा लगता है, भाभी. मूड नाही बनत.” उमेंद्रनं मान डोलावली. त्याच्या कथेतही टाकी बसत नव्हती. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

रविवारी सकाळी व्हिडिओ दाखवायचा कार्यक्रम ठेवला. व्हिडिओ फोनवर पाठवून दिला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, स्वप्निलला मोठा पडदा हवा. आणि पडदा कुठं, तर मुन्नालाल सेठच्या लॉनच्या हॉलमध्ये, कारण तिथली सगळी लग्नं हाच करतो. सेठ स्वतः पहिल्या रांगेत सोफ्यावर. त्याच्या बाजूला आम्ही, मागे बाजारातली माणसं.

दिवे मालवले. आधी ड्रोननं मिल वरून दाखवली. मिल दिसली काडेपेटीएवढी आणि मागची वैनगंगेकडं जाणारी वाटच मोठी. मग एक घोगरा आवाज आला. ‘पाच पिढ्यांपासून, मातीशी, माणसांशी आणि मूल्यांशी...’ त्या आवाजाखाली खुशाल चालत आले. स्लो मोशनमध्ये. माझे यजमान चालताहेत की पाण्यातून येताहेत ते कळेना. शर्टाचं टोक उडतंय, केस उडताहेत, जेवढे आहेत तेवढे. मग फेटेवाले मामाजी. मग ते हात, आणि हातांतून पडणारा तांदूळ.

पांढरा. कापरासारखा पांढराशुभ्र.

मला वाटलं, पडद्याचा दोष असेल. पुढच्या दृश्यात पोत्यातला तांदूळ, तोही पांढरा. ताटातला भात पांढरा. मामाजींचं तोंड पांढरं. आणि टाक्या? टाक्यांचा पत्ता नाही. वाफ नाही, बॉयलर नाही, उकडलेलं धान नाही. उसन्याच्या मिलचा व्हिडिओ आणि त्यात उसना हा शब्दसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सेठ खुशालच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “वा रे खुशाल! मेरे परदादा की कहानी तूने बहुत अच्छी सुनाई.”

बोलला हसतच. मला मात्र लाजेनं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गोष्ट खरंच त्याची होती. हॉटेलच्या काउंटरमागे त्यानं आपल्या घराण्याची माहिती फ्रेम करून लावली आहे, उमेंद्रनं तीच उचलून आमच्या अंगावर घातली होती.

मी खुशालला कोपरानं ढोसलं. “अजी, हा पाठवू नका. तांदूळ पांढरा दिसून राहिला.”

“सकाळीच पाठवला ना वं. स्वप्निलनं लिंक देल्ली होती.”

“तुमी बघतला नाई का आधी?”

“बघतला,” ते म्हणाले. मग हळूच, “मी कसा चालतो तेच दोन-तीन डाव बघतलं.”

मी उठून स्वप्निलकडे गेले. “तांदळाचा रंग काऊन बदलवला?”

“पीला दिखता था, भाभी. गंदा लगता था. मैंने साफ कर दिया.” बक्षीस मिळणार असल्यासारखा तो उभा होता.

“अरे, तो पिवळाच असते! त्याच्यासाठीच तर तो माणूस घेऊन राहिला!”

स्वप्निलनं उमेंद्रकडं बघितलं. उमेंद्र म्हणाला, “रंग हा तपशील झाला, वहिनी. कथा पोचली की नाही ते महत्त्वाचं.”

“कथा-वथा छोड, यार,” स्वप्निल म्हणाला. “लोगों ने ताली क्वालिटी पे बजाई.”

“क्वालिटीवर? माझ्या ओळींवर वाजवली.”

“तेरी लाइन पे तो पीछे वाले अंकल सो गए थे.”

आणि दोघं जुंपले! व्हिडिओत कथा मोठी की चकचकाट मोठा, यावर. माझ्या मिलची वाट लागली होती आणि हे दोन दिवटे अकलेचे तारे तोडत उभे होते. मी चपला घातल्या आणि बाहेर आले. खुशाल आतच होते, त्यांना कुणीतरी पुन्हा व्हिडिओ दाखवत होतं.

दुसऱ्या दिवशी पालक्काडहून फोन आला. माणूस शांत होता, तेच जास्त वाईट.

“मॅडम, फिल्म बहुत अच्छा. लेकिन ये तो रॉ राइस है. आपके मिल में बॉइलिंग कहाँ है?”

मी सांगितलं, व्हिडिओवाल्यानं रंग बदलला, टाक्या कापल्या, आम्ही उसनाच काढतो. तो म्हणाला, “पाच पीढी से करता है, और बॉइल्ड राइस कैसा दिखता है वो मालूम नहीं? फिल्म पास किया, भेजा, और देखा नहीं?”

यावर मी काय सांगणार होते? की पाच पिढ्याही खोट्या आहेत? एक खोटं निस्तरायला दुसरं कबूल करायचं, आणि मग तिसरं काही उरलं नाही यावर त्यानं विश्वास ठेवायचा.

“आत्ता दाखवते,” मी म्हटलं आणि फोनचा कॅमेरा सुरू करून धावत टाक्यांकडे गेले. टाक्या कोरड्या होत्या. बॉयलर थंड. त्याचीच ऑर्डर आली की पुढचं धान भिजवायचं म्हणून आम्ही थांबलो होतो. मी पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ कॅमेऱ्यासमोर धरला. पिवळसर, चांगला, आमचा तांदूळ.

तो म्हणाला, “कल सफेद, आज पीला. परसों क्या रंग होगा, मॅडम?”

फोन ठेवला त्यानं. मला त्याचा राग नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. जो माणूस चित्रात रंग बदलतो तो पोत्यात बदलणार नाही कशावरून?

मिल भाड्यानं सेठकडे गेली. त्याच्या माणसांनी गॅस कटरनं टाक्या कापल्या, तो आवाज मुर्रीपर्यंत जात होता. बाबासाहेबांचा फोटो मी स्वतः उतरवून घरी आणला. त्याच आठवड्यात स्वप्निलचा मेसेज आला, भाभी, काम आवडलं असेल तर पाच स्टार द्या. खुशालनी दिले! विचारलं तर म्हणाले, “पोराची मेहनत होती ना वं.” त्यानंतर आठवडाभर मी नवऱ्याशी फक्त भाजीत मीठ आहे का, एवढंच बोलले.

दिवाळीनंतर मोनालीनं एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, वहिनी, बसून बघा. बसून बघितला. तोच ड्रोन, तीच काडेपेटी, तोच घोगरा आवाज, त्याच पाच पिढ्या. खुशालच्या जागी मुन्नालाल सेठचा मुलगा पाण्यातून आल्यासारखा चालत होता. शेवटी नाव सेठच्या मिलचं. बाकी काही बदललं नव्हतं, आणि बदलायची गरजही नव्हती. पाच पिढ्या सेठच्या होत्याच. तांदूळ आता अरवाच निघत होता. टाक्या तर नव्हत्याच. आमच्या पैशानं काढलेल्या त्या व्हिडिओत आता एक अक्षर खोटं उरलं नव्हतं.

एवढी चीड मला आयुष्यात आली नसेल. फोन भिंतीवर आपटणार तोच मामाजी म्हणाले, “दाखव मले.”

ते अंगणात बाजेवर बसले होते. मी फोन दिला. फेटेवाला म्हातारा कापून टाकला होता, संस्थापक म्हणून आता सेठच्या आज्याचा जुना फोटो होता. पण क्लोजअप तसाच होता. उघड्या पोत्याचं तोंड, त्यावर दोन हात, बोटांमधून पडणारा पांढरा तांदूळ. गोरेपान, गुळगुळीत हात. फक्त उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. ते तेवढं स्वप्निलच्या बटणालाही पुसता आलं नव्हतं.

मामाजींनी आपला अंगठा फोनच्या बाजूला धरला. दोन्हीकडे बघितलं.

“हात माह्येच आहेत,” ते म्हणाले. “पोते वाहत होतो तवा सेठले काळेच चालत होते. आता कायले गोरे केले?”